मौजेची मासेमारी : राखण कोणाची आणि बीं कोणतें ?

शेतकीच्या मासिकांत गळ आणि नाव ह्यांची चर्चा कशासाठीं, असें कांहीं सभासदांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांचीं शेतें आज धरणांच्या फुगवट्याला लागून आहेत, आणि कित्येकांच्या वाडवडिलांच्या जमिनी त्याच पाण्याखालीं गेल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण ठरविल्यापासून अशा गांवांतून एक नवा विचार मूळ धरूं लागला आहे. शहरांतील हौशी मंडळी आणावी, त्यांस नावेंतून पाण्यावर फिरवावें, गळ टाकूं द्यावा, रात्रीं शेतावर पिठलें-भाकरी वाढावी आणि चार पैसे जोडावे, असा तो विचार आहे. आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. एका पिकावर हवाला ठेवणाऱ्या कुटुंबास दुसरें उत्पन्न हवेंच. मात्र आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतील नद्यांवर हा धंदा कांहीं नवा नाहीं. शेजारच्या कर्नाटकांत कावेरीच्या कांठीं तो कित्येक वर्षें चालला, नांवारूपास आला, आणि त्यानें दोन धडे मागें ठेवले. ते न शिकतां आपण नाव पाण्यांत लोटली, तर नदीचें नुकसान होईल आणि आपलेंही होईल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शिवसमुद्रचा धबधबा ओलांडल्यावर कावेरी डोंगरांच्या कुशींतून मेकेदाटूच्या अरुंद घळीकडे धांवते. खडक, खळाळ आणि खोल डोह ह्यांनीं भरलेल्या ह्या टापूंत महसीर नांवाचा बलाढ्य मासा राहतो. आपल्याकडील खडशी ही त्याच कुळांतली. एच. एस. टॉमस ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर १८७३ मध्यें ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून ह्या माशाची कीर्ति परदेशीं पसरली. १९४६ मध्यें म्हैसूरच्या व्हॅन इंगन ह्यांनीं कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदींत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारें ५४ किलोंचा महसीर गळानें धरला होता. ह्या खेळाची नाव म्हणजे बांबूच्या कामट्यांची, टोपलीसारखी गोल डोणी. कानडींत तिला हरिगोलु म्हणतात. नावाडी एका वल्ह्यानें ती खळाळांतून फिरवितो. गळाला लावावयाचें आमिष म्हणजे आपल्याच शेतांतल्या नाचणीच्या पिठाचा गोळा ! मासा लागला म्हणजे दोर सणसणत सुटतो, आणि नाव माशाच्या मागोमाग ओढली जाते. ह्या घटकाभराच्या थरारासाठीं माणसें सातासमुद्रांपलीकडून येत असत.

१९७० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ह्या संस्थेनें नदीचा कांहीं भाग खंडानें घेऊन तेथें राखण सुरू केली. पुढें भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी येथें शिबिरें उभीं राहिलीं. धरलेला मासा वजन करून पुन्हां पाण्यांत सोडावयाचा, असा नियम झाला. पहिला धडा येथेंच आहे. पूर्वीं ह्याच डोहांत सुरुंगाचे तोटे टाकून मासे मारीत असत. एक तोटा फुटला कीं मोठा मासा मरतो, त्याबरोबर पिलें मरतात आणि त्यांचें खाद्यही नाहीसें होतें. वस्तुतः स्फोटकांनीं किंवा विषानें मासे मारणें १८९७ च्या मत्स्य कायद्यानेंच गुन्हा ठरविलेलें आहे. पण कायदा पुस्तकांत राहतो आणि डोह रानांत. शिबिरें आल्यावर जवळच्या गांवांतील माणसांना नावाडी, वाटाडे आणि राखणदार म्हणून कायम काम मिळालें. त्यांत पूर्वीं चोरून मासे मारणारेही होते. बाजारांत नेलेला मासा एकदांच विकला जातो. पाण्यांत जिवंत ठेवलेला मासा दर हंगामास पुन्हां मजुरी देतो. हा हिशेब नदीकांठच्या माणसास ज्या दिवशीं पटला, त्या दिवशीं डोहाला खरा राखणदार मिळाला. शेताची राखण शेतांतल्या पिकावर ज्याचें पोट आहे तोच जीव लावून करितो, हें आपणांस कोणी शिकवावयास नको.

पुढें अभयारण्यांतील गळाच्या खेळास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ह्याच्या आधारें मनाई झाली, आणि २०१२ पर्यंत शिबिरांतील हा खेळ थांबला. अभयारण्यांत कोणत्याही प्राण्यास मौजेसाठीं पकडूं नये, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण राखणदाराची मजुरी बंद झाल्यावर रात्रीच्या वेळीं डोहाकडे कोण पाहणार, ह्या प्रश्नाचें उत्तर मनाईच्या हुकुमांत नसतें. मनाई करणाऱ्यानें राखणीची तजवीजही त्याच कागदावर करावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां दुसरा धडा. तो अधिक कडू आहे, आणि त्याचा संबंध थेट आपल्या प्रांताशीं येतो. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यांतील खडशीची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ मध्यें केली. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुळकर्णी ह्यांनीं हिच्या कृत्रिम पैदाशीची वाट दाखविली, आणि लोणावळें येथें टाटा वीज कंपनीच्या तलावांवर हिचें बीं मोठ्या प्रमाणांत तयार होऊं लागलें. धरणांमुळें खडशीची चढणीची वाट बंद झालेली असतां हें काम मोलाचें होतें, ह्यांत संशय नाहीं. परंतु तेंच बीं त्या दशकांत कावेरींतही सोडण्यांत आलें. हेतु चांगला होता : नदींत मासे वाढावे, पाहुण्यांस खेळ मिळावा. घडलें तें निराळेंच. कावेरीचा मूळचा महसीर आपल्या खडशीहून वेगळा, पाठीवर उंच वशिंड असलेला आणि अतिशय मोठा वाढणारा. महसीर तो महसीर, असें समजून त्याच्या घरांत आपण पाहुणा सोडला, आणि पाहुणाच घरधनी होऊन बसला.

हें कशावरून समजलें ? गालिबोरे शिबिरांतील वहीवरून. १९९८ ते २०१२ ह्या काळांत गळ किती तास पाण्यांत होता, किती मासे लागले, कोणते आणि किती वजनाचे, ह्याची नोंद तेथें ठेवलेली होती. सुमारें चोवीस हजार तासांत सहा हजारांहून अधिक महसीर लागले. संशोधकांनीं ह्या नोंदी तपासून २०१५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती, आणि वशिंडाचा महसीर मात्र घटत घटत जवळजवळ नाहीसा झाला होता. वरवर पाहणारास नदी भरभराटलेली दिसली असती. धरणें, वाळूचा उपसा आणि सुरुंग ह्यांचाही ह्या ऱ्हासांत वांटा असेल. पण परक्या बियाण्याचा दोष ह्या वहीनें उघड केला. २०१८ मध्यें ह्या माशाचें शास्त्रीय नांव निश्चित झालें आणि त्याच वर्षीं जगांतील अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली. ज्याची कीर्ति दीडशें वर्षें गाजली, त्यास धड नांव मिळालें तें मरणाच्या दारीं.

गांवची ज्वारी सोडून सगळ्या शिवारांत एकच आणलेलें बीं पेरलें, म्हणजे पहिल्या सालीं खळें भरतें आणि पुढें जुनें वाण हुडकूनही सांपडत नाहीं, हा अनुभव आपल्यापैकीं अनेकांनीं घेतला आहे. नदीचेंही तसेंच आहे ; फरक इतकाच कीं शेतांतलें पीक नांगरून काढतां येतें, नदींत सोडलेलें बीं परत वेंचतां येत नाहीं. उजनीच्या जलाशयांतील चिलापी पाहा. ती मूळची आफ्रिकेची. आज ह्या पाण्यांत तिचें बस्तान इतकें पक्कें आहे कीं ती इथलीच, असें नव्या पिढीस वाटतें.

कोणी म्हणतील, मुक्या जिवास गळ टोंचून सोडून देणें ही कसली दया ? हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. गळानें माशास इजा होते, आणि उन्हाळ्यांत पाणी तापून त्यांतील प्राणवायु घटला म्हणजे दमलेला मासा सोडल्यावरही दगावतो. म्हणूनच ह्या खेळास मर्यादा हवी, आणि कांहीं पाणी सर्वस्वीं वर्ज्य हवें. महाडजवळ सावित्रीच्या वाळणकोंडांत देवाचे म्हणून राखलेले मासे माणसाच्या हातचे मुरमुरे खातात. देहू-आळंदीच्या डोहांतील माशांविषयींही लोकांच्या मनांत असाच भाव आहे. अशा ठिकाणीं गळाची गोष्टही काढूं नये. हे डोह म्हणजे नदीच्या बियाण्याचीं कोठारें आहेत, आणि कोठारांतलें बीं दळून खाणारास शेतकरी म्हणत नाहींत.

ह्या सर्वांवरून आमच्या सूचना अशा आहेत. ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या तीं कुटुंबें, आणि ज्या मच्छीमार सहकारी संस्थांचा त्या पाण्यावर ठेका आहे त्या, ह्यांचा वांटा प्रथम ठरल्याशिवाय कोणत्याही जलाशयावर मौजेच्या मासेमारीस परवानगी नसावी. भिगवण-कुंभारगांव येथें रोहित पक्षी दाखविणाऱ्या नावा स्थानिक मच्छीमारच चालवितात. तोच कित्ता येथें गिरवावा. पावसाळा हा खडशीचा विणीचा हंगाम, त्या काळांत गळ सर्वथा बंद असावा. गळास उलटा कांटा नसावा, आणि मासा पाण्याबाहेर क्षणभरही अधिक ठेवूं नये. प्रत्येक नावेंत प्रत्येक माणसास तरंगतें जाकीट असलेंच पाहिजे. मे २०२२ मध्यें तारकर्लीस पर्यटकांची नाव उलटून दोघे दगावले, तें विसरण्यासारखें नाहीं. धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहींत व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या खोऱ्यांतलें पाणी त्याच खोऱ्यांतलें बीं. दुसरें कितीही जोमदार असलें तरी पाण्यांत सोडूं नये. हाच नियम ओढ्याकांठच्या शेततळ्यांसही लागूं करावा, कारण पहिल्या मोठ्या पुरांत शेततळ्यांतला मासा ओढ्यांत आणि ओढ्यांतला नदींत जातो.

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेंत ह्या सूचनांचा ठराव व्हावा आणि तो मत्स्यव्यवसाय व पर्यटन ह्या दोन्ही खात्यांकडे धाडला जावा, अशी आमची विनंति आहे. ज्यांचीं शेतें पाण्यानें घेतलीं, त्यांस त्याच पाण्यांतून दोन पैसे मिळाले तर तो न्यायच होईल. पण आपण एकदां जमीन गमावली आहे. आतां चार हंगामांच्या मिळकतीसाठीं नदीचें मूळचें वाण गमावूं नये.