अमेरिकन मोटार आणि गांवचा मिस्त्री

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले. निकालाविषयीं विचारावयास आले असावेत असें आम्हांस वाटलें. परंतु त्यांचा प्रश्न निराळाच होता. "सर, एक जुनी टवेरा मिळते आहे. कंपनी अमेरिकेची, गाडी दणकट, आणि किंमतहि उतरली आहे. घ्यावी कां? पोरगा म्हणाला, सरांना विचारा, सर इंग्रजी वाचतात." सोयाबीनचे आलेले पैसे, घरांतील थोडें सोनें, आणि उरलेल्या रकमेचें पतपेढीचें कर्ज, असा त्यांचा बेत होता. नवरात्रांत तुळजापुरचीं भाडीं मिळतील, लग्नसराईंत वऱ्हाडें मिळतील, आणि एरव्हीं गांवचीं माणसें धाराशिवास नेतां आणतां येतील, असा त्यांचा हिशेब.

मोटारींच्या विषयांत आमचें ज्ञान अगदींच पुस्तकी आहे. आम्हांस पंक्चर झालेलें चाकसुद्धां बदलतां येत नाहीं, हें गतवर्षीं नळदुर्गच्या सहलीस आलेल्या मुलांनीं प्रत्यक्ष पाहिलेंच आहे. तरी प्रश्न एका कुटुंबाच्या सर्व पुंजीचा होता. तेव्हां आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जें वाचलें, जें ऐकलें, आणि त्यावरून आमचें जें मत बनलें, तें येथें मांडीत आहों. असाच विचार मनांत घोळत असलेले दुसरेहि पालक हा अंक वाचतील, असा आमचा अंदाज आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या आणि शिकविणाऱ्या आम्हां लोकांच्या मनांत अमेरिका या नांवाविषयीं एक हळवा कोपरा असतो. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांनीं मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, दवाखाने घातले, आणि त्यांतील कित्येकांचीं थडगीं याच भूमींत आहेत. त्यामुळें अमेरिकेहून आलेली वस्तु म्हणजे टिकाऊ आणि प्रामाणिक, असा समज आमच्या घराघरांतून नकळत रुजला. परंतु मिशनरी निराळा आणि मोटारीची कंपनी निराळी. कंपनी नफ्यासाठीं येते आणि नफा दिसेनासा झाला म्हणजे जाते. त्यांत पाप नाहीं. पण गाडी घेणारानें तें विसरूं नये.

टवेरा ज्या शेवरोले नांवानें विकली गेली, तें नांव जनरल मोटर्स या बड्या कंपनीच्या मालकीचें. या कंपनीचा जनक विल्यम ड्युरंट हा मूळचा मोटारवाला नव्हेच. तो घोडागाड्या करणारा. मिशिगन प्रांतांतील फ्लिंट या गांवीं १८८६ सालीं त्यानें भागीदारींत हा धंदा आरंभिला, आणि पुढें मोटारींचे दिवस आलेले पाहून १९०८ सालीं जनरल मोटर्स स्थापिली. एकामागून एक कारखाने विकत घेण्याची त्याची हांव एवढी कीं, दोनच वर्षांत कंपनी कर्जापायीं पेढीवाल्यांच्या हातीं गेली. तेव्हां शर्यतींत मोटारी हांकणारा, स्वित्झर्लंडांत जन्मलेला लुई शेवरोले यास हाताशीं धरून १९११ सालीं त्यानें नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर जुनी परत मिळविली, आणि १९२० सालीं ती पुनः गमावली. या वेळीं कायमची. १९४७ सालीं तो वारला तेव्हां त्याच्याजवळ फारसें कांहीं उरलें नव्हतें. लुई शेवरोले तर आपले हिस्से विकून केव्हांच बाहेर पडला होता. ज्याचें नांव कोट्यवधि गाड्यांवर झळकलें, त्याचा त्यांच्या नफ्यांत वांटा नव्हता.

त्यानंतर कंपनीस खरा आकार दिला तो आल्फ्रेड स्लोन यानें. त्या काळीं हेन्री फोर्ड याची मॉडेल टी ही गाडी अमेरिकेंत घरोघर झाली होती; १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या निघाल्या. ती शेतकऱ्याची गाडी होती, आणि साध्या हत्यारांनीं तो ती स्वतःच दुरुस्त करी. स्लोननें निराळी वाट धरिली. ज्याची जशी ऐपत तशी त्यास गाडी, दरसाल नवा नमुना, आणि जवळ पैसा नसेल तर हप्त्यांची सोय. हप्त्यांसाठीं कंपनीनें १९१९ सालींच स्वतंत्र पेढी उघडली होती. या युक्तीनें फोर्ड मागें पडला आणि १९३१ पासून जवळ जवळ पाऊण शतक जगांत सर्वाधिक मोटारी विकण्याचा मान जनरल मोटर्सकडे राहिला. आज आपल्या तालुक्याच्या गांवीं मोटारीच्या दुकानाला लागूनच फायनान्सची पाटी दिसते. तिचें पुष्कळसें मूळ या पेढींत आहे. गाडी आधीं आणि पैसा मागून, ही संवय जगाला लावणाऱ्यांत ही कंपनी अग्रभागीं होती.

हिंदुस्थानांत ती प्रथम आली १९२८ सालीं, मुंबईंत शिवडी येथें. पेट्यांतून आलेले भाग येथें जोडून गाड्या तयार होत. १९४८ सालीं पुणें-नगर रस्त्यावर पहिली एस्. टी. धांवली ती बेडफर्ड बनावटीची. ही बेडफर्डहि याच कंपनीच्या विलायती शाखेची. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, म्हणून तें कौतुक आपल्या आजोबांना पाहावयास मिळालें नाहीं. स्वातंत्र्यानंतर सरकारनें असें धोरण धरिलें कीं, नुसती जोडणी पुरे नाहीं, भागहि या देशांतच झाले पाहिजेत. तें कंपनीस परवडलें नाहीं, आणि १९५४ सालीं शिवडीचें काम बंद झालें. फोर्डनेंहि त्याच सुमारास येथून पाय काढला.

दुसरी एक अमेरिकन गाडी मात्र येथें राहिली, आणि अशी राहिली कीं ती अमेरिकन आहे हेंच लोक विसरले. ती जीप. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं ओहायो प्रांतांतील विलीज कंपनीनें ती मोठ्या संख्येनें बनविली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें तिची जोडणी आरंभिली. सुरुवात शिवडीसारखीच, पेट्यांतून आलेल्या भागांची. परंतु पुढें एकेक भाग इकडेच घडूं लागला. तिकडे मूळ कंपनीचे धनी बदलत राहिले. १९५३ सालीं ती कैसरकडे, १९७० सालीं अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ सालीं क्रायस्लरकडे गेली. इकडे तहसीलदाराच्या जीपला त्याची वार्ताहि नव्हती! आमच्या लहानपणीं बाजाराच्या दिवशीं काळ्या-पिवळ्या जीपगाड्या टपावर माणसें घेऊन निघत. आंत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत, धुळीनें चेहरा ओळखूं येत नसे. पण मालकाला विचारलें तर तो गाडीला नांव ठेवीत नसे. पाटा मोडला तर तो घडवून देणारा लोहार बाजारांतच होता, आणि घाटांत बंद पडली तर मागून येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर ती सुरू करून देई. मालकाचें सुख कशांत असतें तें आम्हांस प्रथम तेथें दिसलें.

जनरल मोटर्स दुसऱ्यांदा आली १९९५ च्या सुमारास, गुजराथेंत हालोल येथें, ओपेल हें जर्मन नांव घेऊन. २००३ सालीं शेवरोले हें नांव आलें, आणि २००८ सालीं पुण्याजवळ तळेगांव येथें तिचा दुसरा कारखाना सुरू झाला. यांत एक गंमत आहे. जिला आपण अमेरिकन म्हणतों ती टवेरा ही मूळची जपानच्या इसुझु कंपनीच्या गाडीवरून केलेली, आणि लहान स्पार्क ही कोरियाच्या देवू कंपनीची रचना. अमेरिकेची होती ती पाटी. पाटी वाचून भक्तिभावानें मान डोलविणाऱ्यांत आम्हीहि होतों.

बस-स्थानकाबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या राहतात तेथें आम्ही दोन संध्याकाळीं जाऊन चौकशी केली. टवेराविषयीं मालकांचें मत वाईट नाहीं. घरचीं दहा माणसें मावतात, खड्ड्यांतून गाडी कण्हत नाहीं, लांबच्या देवदर्शनास उपयोगी पडते, असें बहुतेकांनीं सांगितलें. एका वृद्ध ड्रायव्हरनें मात्र आम्हांसच उलट विचारलें, "गाडी चांगली आहे हो सर, पण आतां तिचें माहेर कोठें आहे?"

त्या प्रश्नाचें उत्तर कंपनीच्या गेल्या कांहीं वर्षांच्या इतिहासांत आहे. २००९ सालीं अमेरिकेंत तिचें दिवाळें निघालें आणि सरकारी पैशानें ती सांवरली. २०१३ सालीं आपल्या देशांत तिनें १ लाख १४ हजार टवेरा दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. कारण असें उघड झालें कीं, धुराच्या तपासणीस पाठवावयाच्या गाड्यांत तिच्या कांहीं नोकरांनीं निवडक इंजिनें बसविलीं होतीं; गिऱ्हाइकाला मिळणारी गाडी निराळी आणि तपासनिसापुढें जाणारी निराळी. हें कंपनीनें स्वतःच सरकारास कळविलें आणि संबंधितांस कामावरून दूर केलें, एवढें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परीक्षेच्या दिवसापुरती निराळी वही आणणारे विद्यार्थी आमच्या वर्गांतहि आहेत. त्यांनीं हा परिच्छेद दोनदां वाचावा.

पुढें मे २०१७ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, वर्षअखेर या देशांतील विक्री थांबेल. विकलेल्या गाड्यांची हमी आणि देखभाल आम्ही पाळूं, असेंहि तिनें सांगितलें. हालोलचा कारखाना एका चिनी कंपनीनें घेतला. तळेगांवांत गाड्या होतच राहिल्या, पण त्या मेक्सिकोसारख्या परदेशांत जाण्यासाठीं. पुण्याच्या शेजारीं बनलेली नवी गाडी पुण्याच्या मनुष्यास घेतां येईना! डिसेंबर २०२० मध्यें तेंहि काम थांबलें, हजारावर कामगारांची रोजी गेली, आणि २०२४ च्या आरंभीं तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाई कंपनीकडे गेला. फोर्डहि १९९५ च्या सुमारास परतली होती. तिनें २०२१ सालीं येथें मोटारी बनविणें थांबविण्याचा निर्णय केला.

तात्पर्य, त्या पालकांस मिळणारी गाडी स्वस्त कां, याचें कारण तिच्या इंजिनांत शोधावयास नको. सर्वांत तरुण टवेरासुद्धां २०१७ सालची. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त शुभवर्तमानांत आहे. आपल्याकडे तो हिशेब गाडीची किंमत, विमा आणि डिझेल येथवर येऊन थांबतो. मोडलेला भाग कोठून येईल, तो यावयास किती दिवस लागतील, आणि त्या दिवसांचें भाडें कोण देईल, या रकमा कोणीच मांडीत नाहीं; हप्ता मात्र त्या दिवसांतहि थांबत नाहीं. गाडीविषयीं मत विचारावयाचें तर तें नुकती गाडी घेतलेल्यास विचारूं नये. त्याच्या गळ्यांतील हार अजून सुकलेला नसतो. आठ वर्षें जिनें पोट भरलें आणि आठ वर्षें जिनें खिसा रिकामा केला, अशा गाडीच्या मालकास विचारावें. त्याहून चांगला सल्लागार एकच, तो म्हणजे ती गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री.

येथें आम्हांस आपल्या शाळेविषयीं थोडें अप्रिय लिहावें लागत आहे. या वार्षिकांत दरसाल माजी विद्यार्थ्यांचीं नांवें येतात. डॉक्टर, वकील, इंजिनियर, परदेशीं गेलेले, सारे असतात. ज्यानें नववींत शाळा सोडून गॅरेज धरिलें त्याचें नांव आम्हीं कधीं छापल्याचें आठवत नाहीं. "अभ्यास कर, नाहीं तर ग्रीस पुसत बसशील," हें वाक्य आम्ही स्वतः वर्गांत बोललों आहों. आतां मात्र एका कुटुंबाचें सोनें आणि सोयाबीन कोणाच्या शब्दावर टाकावें असा प्रश्न पडला, तेव्हां आमच्या शिक्षकांच्या खोलींत त्याचें उत्तर देऊं शकेल असें कोणी नव्हतें.

अखेर त्या पालकांस घेऊन आम्ही अशाच एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजांत गेलों. त्यानें आम्हांस ओळखलें आणि बसावयास पेटी पुसून दिली. मग तो गाडीखालीं शिरला आणि अर्धा तास बाहेर आला नाहीं. आंतून मधून मधून हातोडीचा हलका आवाज येई. बाहेर आल्यावर त्यानें कोणते भाग सोलापुरास जुन्या बाजारांत मिळतील, कोणते दुसऱ्या गाडीचे बसवितां येतील, आणि कोणते दोन भाग गेले तर त्याचाहि इलाज चालणार नाहीं, तें बोटांवर मोजून सांगितलें. "किंमत अजून खालीं आणा," तो म्हणाला, "आणि चार वर्षें मी ही चालवून देतों. पुढचें मी बोलत नाहीं."

पतपेढीचें कर्ज पांच वर्षांचें ठरत होतें. ते गृहस्थ कांहीं वेळ गाडीकडे पाहात उभे राहिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पतपेढी उघडण्यापूर्वींच ते दारांत हजर होते. रक्कम कमी करून मुदत तीन वर्षांची करतां येईल कां, हें त्यांस विचारावयाचें होतें.