कोरड्या ट्रॅकचा टायर आणि आमचा हायवे

वार्षिक अंकात कविता येतात, प्रवासवर्णने येतात, 'आजच्या तरुणांपुढील समस्या' येतात. मोटारसायकलच्या टायरवर कोणी लिहिलेले मी अजून वाचलेले नाही. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर रोज जी चर्चा रंगते ती पुस्तकांची नसते, गाड्यांची असते, हे प्राध्यापक मंडळींनाही ठाऊक आहे. तेव्हा त्याच चर्चेतला एक मुद्दा येथे मांडतो. तो मांडण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण कांदिवली पूर्वेला हायवेच्या कडेला माझ्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे.

सध्या आमच्या मित्रांत 'ट्रॅक डे'चे वेड आहे. ठराविक पैसे भरायचे आणि शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर आपली गाडी मनसोक्त पळवायची. वेड वाईट नाही. त्यासाठी टायर कोणता घ्यावा, यावर मात्र जे बोलले जाते त्यात माहितीपेक्षा मिजास जास्त असते. ट्रॅकवर जायचे म्हणजे गुळगुळीत 'स्लिक' टायरच हवा, आणि तो गाडीला लावला की एरवी रस्त्यावरही पकड जास्तच मिळेल, अशी बहुतेकांची समजूत आहे. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे आणि धोक्याचीही आहे.

मोटारसायकलचा टायर कोणत्याही क्षणी जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या रबरावर गाडी आणि माणूस दोघांचा भार. स्लिकला खाचा नसतात, म्हणून कोरड्या ट्रॅकवर त्याचे अधिक रबर जमिनीला भिडते. पण ते रबर मऊ पडून चिकटायला लागते ते तापल्यावर, साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसला. म्हणूनच शर्यतीत टायरना विजेची पांघरुणे घालून आधीच तापवतात, आणि पुढे वेगाने घेतलेली वळणे व जोराचे ब्रेक त्यांना गरम ठेवतात. आता आपल्याकडे पाहा. समतानगरपासून नॅशनल पार्कपर्यंत आपण जातो ते सिग्नलला थांबत, रिक्षाच्या मागे रांगत. त्यात दीडशे-दोनशे सीसीची हलकी गाडी. तो टायर तापणार कधी? आणि न तापलेला स्लिक साध्या टायरपेक्षाही कमी पकडतो. शिवाय पाऊस आला की पाणी बाहेर काढायला त्याला खाचाच नाहीत. दुचाकीच्या टायरला किमान 0.8 मिलिमीटर खोलीची नक्षी हवी असे नियम सांगतो. स्लिकला ती मुळातच नसते.

हे सारे मला गेल्या वर्षीही माहीत होते. तरीही मी गप्प बसलो होतो, म्हणून हा लेख.

एप्रिलमध्ये वर्गातला एक मित्र ट्रॅकवरून उतरवलेला जुना स्लिक स्वस्तात घेऊन आमच्या दुकानी आला. पुढेमागे ट्रॅकवर जायचे, तोपर्यंत रस्त्यावर वापरायचा, असा त्याचा बेत होता. वडिलांनी टायर हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "बाळा, टायर वाईट नाही, पण याची जागा इथली नाही. तापून-निवून तो कडकही झालाय. मी चढवणार नाही." मित्राने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील चौथी शिकलेले, हात ग्रीसने काळे. मित्रासमोर त्यांची बाजू घ्यायची मला लाज वाटली. मी खाली पाहत पाने पुसत राहिलो. मित्राने तो टायर दुसरीकडे चढवून घेतला. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरचे तेल आणि धूळ ओली होऊन निसरडे झाले असताना, तो दहिसरच्या अलीकडे घसरला. गळ्याजवळचे हाड मोडले. तो आता बरा आहे; पण त्याला भेटायला गेलो तेव्हा माझ्याने त्याच्याकडे पाहवत नव्हते.

मग कोरड्या ट्रॅकसाठी टायर निवडायचा कसा? माझे मत साधे आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्लिकच्या वाटेला जाऊ नये. रस्त्यासाठीच बनवलेला, चांगल्या पकडीचा टायर पुरेसा होतो. तो लवकर तापतो आणि त्याच टायरवर घरीही येता येते. काही टायर मध्ये कडक आणि कडांना मऊ रबराचे असतात. सरळ रस्त्यावर ते झिजत नाहीत आणि वळणात पकडतात. माप कंपनीने सांगितलेलेच घ्यावे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो आवळला जाऊन त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. वेगाचे अक्षरही पाहावे. 'पी' म्हणजे ताशी 150 किलोमीटर, 'एस' म्हणजे 180, 'एच' म्हणजे 210. हवा सकाळी टायर थंड असताना मोजावी आणि ट्रॅकवर फेरी मारून आल्यावर पुन्हा मोजावी, कारण तापल्यावर दाब वाढतो. किती ठेवायची ते टायर बनवणाऱ्याला विचारावे, मित्राला नव्हे. वारंवार जाणाऱ्याने आणि खरोखर वेग असणाऱ्याने स्लिक जरूर घ्यावा, पण तो वेगळ्या रिमवर ठेवावा आणि टेम्पोतून न्यावा.

येथे कोणी म्हणेल, ट्रॅक आहेच कुठे? तक्रार रास्त आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळचा करी, ग्रेटर नोएडाचा 2011 साली सुरू झालेला बुद्ध, हे नावाजलेले ट्रॅक कांदिवलीच्या मुलाला हजार किलोमीटरच्या पुढे. कांदिवलीत महिंद्रांचा कारखाना, भांडुपला सिएटचा टायरचा कारखाना. पण त्या गाड्या आणि ते टायर निर्धोकपणे पळवून पाहायला मुंबईच्या मुलाला एक मैदान नाही. म्हणून तो रात्री हायवेवर जातो. नुसता दंड करून हे थांबणार नाही. जागा द्यावी लागेल. ती मागणी आपण जरूर करू. मात्र ती पुरी होईपर्यंत हायवेला ट्रॅक समजणे, आणि त्यासाठी ट्रॅकचा टायर चढवणे, यात शौर्य नाही.

हल्ली मी संध्याकाळी दुकानात बसतो. कॉलेजचे कोणी आले तर आता पाने पुसत राहत नाही. वडील टायर दाबून पाहतात, मी कडेवरचे आकडे वाचून दाखवतो. मित्रहो, ट्रॅकवर जाण्याआधी एकदा येऊन जा. नुसता टायर पाहण्याचे पैसे वडील घेत नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला