चोर नेमणारे आणि चोर धरणारे

एखाद्या पेढीचा जमाखर्च मुनिमानेंच लिहावा, मुनिमानेंच तपासावा आणि ठेवीदारानें वही पाहावयास मागितली तर त्यासच दाराबाहेर काढावें, अशी रीत असेल तर त्या पेढीवर पैसा ठेवण्यास आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोण धजेल? चीनमध्यें कम्युनिस्ट पक्षानें लांचलुचपतीविरुद्ध चालविलेल्या मोहिमेकडे पाहतां हाच प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो.

ही मोहीम लटकी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सन २०१२ च्या अखेरीस पक्षाचीं सूत्रें हातीं घेतल्यावर शी जिनपिंग यांनीं ‘वाघ आणि माशा’ दोहोंसही झोडपण्याचा निश्चय जाहीर केला. सन २०१५ मध्यें एके काळीं साऱ्या पोलीस खात्यावर हुकमत चालविणारे झोऊ योंगकांग यांस जन्मठेप झाली. सन २०२१ मध्यें एका सरकारी वित्तसंस्थेचे प्रमुख लाइ शाओमिन यांस लांचखाऊपणाबद्दल देहान्त शासन मिळालें; लांचेची रक्कम सुमारें १७९ कोटी युआन होती. एवढ्या मोठ्यांस हात घालण्यास धैर्य लागतें, हें कबूल केलेंच पाहिजे.

परंतु या माणसांस उच्चासनावर बसविलें कोणीं? पक्षानें. त्यांची चौकशी केली कोणीं? पक्षाच्याच शिस्त-तपासणी समितीनें. न्यायासनही पक्षाच्याच अधीन! मग कोणता वाघ मारावयाचा व कोणता राखावयाचा, हें ठरविण्यांत प्रजेचा हात तो कोठें राहिला? शिवाय धाकानेंच रोग हटता तर तो एव्हांना हटावयास हवा होता. सन २०२४ मध्यें लांच घेतल्याच्या आरोपावरून पक्षांतून काढलेले दोन माजी संरक्षणमंत्री शी यांच्याच अमदानींत त्या पदावर चढलेले होते.

आतां दुसरी बाजू पाहा. अधिकाऱ्यांनीं आपली मालमत्ता जाहीर करावी, ही शू झियोंग या कायदेपंडितांच्या चळवळीची एक प्रमुख मागणी होती. सन २०१४ मध्यें त्यांस चार वर्षांची, आणि पुढें सन २०२३ मध्यें राजसत्ता उलथविण्याच्या आरोपावरून चौदा वर्षांची कैद झाली. चोरासही तुरुंग, आणि ‘वही दाखवा’ म्हणणारासही तुरुंग!

‘आम्हांसही असाच दंडुका हवा,’ असें म्हणणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, दंडुक्याची भीति दंडुकेवाल्याच्या मर्जीइतकीच टिकते. राज्यकर्त्यांवरील विश्वास मात्र प्रजेस वही उघडून पाहतां येते तेथेंच टिकतो.