पांडुरंग सांगवीकर आपल्या दवाखान्यात आला असता तर

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आपल्यातले सहकारी माझ्याहून अधिकाराने लिहितात. मी एका कादंबरीवर लिहिणार आहे. तोही वैद्यकीय विषयच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ती कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती १९६३ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी लेखक पंचविशीत होता आणि त्याचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच. नेमाडे यांचे जन्मगाव सांगवी, यावल तालुक्यातले. यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावे मागे टाकत, केळीच्या बागांमधून येणारा रस्ता थेट आपल्या बुऱ्हाणपुरात उतरतो. मध्ये राज्याची सीमा आहे खरी, पण आपल्या सोयरिकी, आपली बोली आणि आपला बाजार यांनी ती सीमा कधी फारशी मानलेली नाही. तेव्हा हा पांडुरंग काही परका नव्हे. आपल्यापैकी कोणाच्याही आतेभावाचा मुलगा शोभावा असा तो आहे.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. खेड्यातल्या सधन घरचा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, पुढारपण करतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन खोटीत येतो. वडिलांशी पैशावरून बिनसते. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. अभ्यासावरून मन उडते, परीक्षा हातची जाते, मित्र एकेक करून दुरावतात आणि अखेरीस तो गावी परततो. घटना एवढ्याच. परंतु सांगण्याची तऱ्हा अशी, की आमच्या विद्यार्थिदशेत ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द प्रत्येक वाक्याला लावून बोलण्याची जणू साथच आली होती. मीही त्या साथीतला एक रुग्ण होतो.

साठ वर्षे मराठी समीक्षेने या कादंबरीची चर्चा केली. अस्तित्ववाद, परात्मता, तिरकस विनोद, भाषेची मोडतोड, पुढे देशीवाद, असे पुष्कळ लिहिले गेले आणि ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. २०१४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने लेखकाचा यथोचित गौरवही झाला. मात्र एक साधा प्रश्न या चर्चेत मला फारसा कोठे आढळला नाही. या मुलाला काय होत होते? आणि त्याच्या भोवतीच्या इतक्या माणसांपैकी एकानेही त्याला ते का विचारले नाही?

योगायोग असा, की ज्या वर्षी ‘कोसला’ आली त्याच वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये, इंग्लंडमध्ये सिल्व्हिया प्लाथ यांची ‘द बेल जार’ प्रसिद्ध झाली, तीही प्रथम टोपणनावाने. तिची नायिका एस्थर हुशार, शिष्यवृत्तीवर शिकणारी, आणि हळूहळू खोल विषण्णतेत बुडत जाणारी. तिच्या कथेत डॉक्टर आहेत, काही वाईट आणि एक चांगली. रुग्णालय आहे, विजेचे उपचार आहेत. त्या आधी १९५१ साली आलेल्या सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’शी तर ‘कोसला’ची तुलना नेहमी होते. त्यातल्या होल्डनचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे आणि होल्डन आपली हकीकत एका आरोग्यधामातून सांगतो आहे. म्हणजे तिकडच्या दोन्ही तरुणांना, बरे असो वा वाईट, उपचारांचे दार भेटले. आपल्या पांडुरंगाला घर भेटले, गाव भेटले, चहाचे अड्डे भेटले. मनाचे दुखणे ऐकून घेणारा वैद्य मात्र त्याच्या वाटेत येत नाही. वाचकालाही त्याची उणीव भासत नाही, इतके ते आपल्याकडे स्वाभाविक होते.

मनीच्या मृत्यूची पाने मी अलीकडे पुन्हा वाचली. तरुणपणी ती वाचून डोळ्यांत पाणी आले होते. या वेळी एक वेगळीच गोष्ट मनात आली. देवीचा रोग भारतातून १९७५ साली हटला आणि १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आमच्या व्यवसायाच्या इतिहासातले ते एक मोठे यश आहे. मनीला मारणारा रोग आपण संपवला. मनीच्या मागे उरलेल्या भावाला जे झाले, त्याच्याकडे मात्र आपण १९६३ साली पाहत होतो तसेच आजही पाहतो. मुलगा हट्टी झाला, त्याला पैशाची किंमत नाही, संगत बिघडली. फार तर लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल.

हे मी इतरांविषयी बोलतो आहे असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एका परिचित घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा. इंदूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता. सुटीत घरी आला की वडील त्याला माझ्याकडे घेऊन येत. “डॉक्टरसाहेब, याला फार गॅसेस होतात, जरा चांगले औषध लिहून द्या.” मी पोट तपासले, रक्त तपासले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या वेळी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या वेळी झोपेविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काही खास नाही काका, असंच.” दाराबाहेर चाळीस रुग्ण बसलेले. मी ते ‘असंच’ मान्य केले आणि पुढचा कागद ओढला. पाच आठवड्यांनी त्या मुलाने स्वतःचा जीव संपवण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, हे त्याचे आणि त्याच्या आईचे भाग्य. त्यात माझा काही वाटा नव्हता.

त्यानंतर ‘कोसला’ हाती घेतली, तेव्हा त्यातल्या ‘वगैरे’चा अर्थ मला पहिल्यांदा कळला असे वाटले. तरुण मुले दुःख सरळ सांगत नाहीत. ती थट्टा करतात, विषय बदलतात, पोट दुखते म्हणतात, वाक्य अर्धवट सोडून देतात. पांडुरंगाचे ‘वगैरे’ आणि त्या मुलाचे ‘असंच’ ही एकाच दाराची दोन कुलुपे आहेत. विषण्णता म्हणजे रडवेला चेहरा, असे आम्ही पाठ्यपुस्तकात शिकलो. या वयात ती पुष्कळदा चिडचिड, कुत्सितपणा, उशिरापर्यंत जागणे, गुण घसरणे आणि शरीराच्या तक्रारी अशा वेषांत येते. हे आम्हाला ठाऊक नसते असे नाही, पण गर्दीच्या वेळी ते कानांना ऐकू येत नाही. कादंबरीत चारशे रुग्णांची घाई नसते. एकाच मुलाचे बोलणे तीनशे पाने सलग ऐकावे लागते, मध्ये बोलता येत नाही, औषधही लिहून देता येत नाही. आपल्यासारख्यांना ही शिक्षा अधूनमधून हितकारक आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साहित्यातल्या पात्राला आजाराचे नाव देणे हा अरसिकपणा नव्हे का? होय, आहे. पांडुरंगाला अमुक विकार होता आणि अमुक गोळीने तो बरा झाला असता, असे मी म्हणत नाही. त्याच्या वैतागात खरा विचार आहे, त्याची थट्टा बहुतेक ठिकाणी योग्य जागी लागते आणि त्याने नाकारलेल्या कित्येक गोष्टी नाकारण्याजोग्याच होत्या. सगळ्या अस्वस्थ तरुणांना रुग्ण ठरवणे ही आमच्या धंद्यातली दुसरी चूक होईल. परंतु बहीण गेल्यानंतर एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच्याजवळ बसून, “तुला जगावेसे वाटते ना?” एवढे विचारणे, यासाठी निदानाची गरज नव्हती. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. मी ती समजूत बाळगूनच निम्मी प्रॅक्टिस केली.

मराठीत नंतरच्या काळात हे दार काही जणांनी उघडले, आणि ते साहित्याइतकेच चित्रपटाने उघडले. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी बांधून पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट त्यांच्याच प्रेरणेतून आणि पाठबळातून आला. गंमत म्हणा किंवा खेद म्हणा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संरक्षणावरील चित्रपट म्हणून! पडद्यावरची झाडे दिसली, त्यांत हरवलेला माणूस जरा मागे राहिला. पुढे याच जोडीच्या ‘कासव’ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यातला तरुण मानव जगण्याला विटलेला आहे आणि जानकी त्याला कोकणच्या किनाऱ्यावरील घरात ठेवून घेते, फारसे न विचारता, घाई न करता. त्याचे एक निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे त्या संयमावरून ओळखू येते. पांडुरंगाला जे मिळाले नाही, ते मानवला मिळते.

पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी स्वतः वाचावी, आपल्या भाषेत आपले नाव सापडावे, अशी पुस्तके इंग्रजीत जितकी आढळतात तितकी मराठीत नाहीत. आणि आपल्या गावात प्रश्न आणखी अवघड आहे. आपल्या घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आजीचा ‘जीव घाबरा होतो’, बापाचे ‘डोके भणभणते’, आणि मुलगा म्हणतो ‘टेन्शन आहे’ किंवा ‘डिप्रेशन आहे’. हे शब्द आईबापांना एक तर फार हलके वाटतात, नाही तर फार भयंकर. मधला शब्दच नाही. आपली बरीच मुले मराठी अक्षरे लावून लावून वाचतात. त्यांच्या हातात ‘कोसला’ दिली तर दहाव्या पानावर ती मिटतील. त्यांच्यासाठी तिचा हिंदी अनुवाद आहे, सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवादही १९९७ साली आला आहे. बुऱ्हाणपुरातल्या मराठी मुलाने यावलच्या मुलाची गोष्ट हिंदीतून वाचावी, याचे मला वाईट वाटते. पण न वाचण्यापेक्षा ते बरे.

आकड्यांची या लेखात गरज नाही असे मी ठरवले होते, तरी दोन देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही आपली दोन्ही राज्ये पहिल्या तिघांत आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये ज्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली, त्यांत मध्य प्रदेश होते. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते, असे त्या पाहणीत निघाले.

कायद्याची भीती तेवढी आता मनातून काढावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरते. जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेलेच नाही. तरी आजही घरची मंडळी “चुकून झाले” असेच सांगतात आणि आम्ही तसेच लिहून घेतो. पोलिसांपेक्षा भाऊबंदांची भीती मोठी, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तेव्हा. त्या भीतीला कलम नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. आपल्या सर्वांच्या चिठ्ठीच्या कागदावर खाली टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापावा. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते, आणि मुलाला त्यासाठी बापाबरोबर बसून राहावे लागत नाही. दुसरी गोष्ट, आपल्या प्रतीक्षाकक्षांत औषध कंपन्यांची कॅलेंडरे आणि फाटकी सिनेमासिकें पडलेली असतात, त्यांच्या शेजारी एक छोटे कपाट ठेवावे. ‘कोसला’च्या तीन प्रती, दोन मराठी आणि एक हिंदी, माझ्याकडून. पुस्तके चोरीला जातील असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आधीच बजावले आहे. जाऊ द्यावीत.