किनारा जनतेचा, पाणी परवानेवाल्यांचे

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील रॉकपोर्ट, पोर्ट अरान्सस या समुद्रकाठच्या गावांत चाकांवरच्या घरांची गर्दी होऊ लागते. स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर पोटात घेऊन धावणाऱ्या या गाड्यांना तेथे आर.व्ही. म्हणतात. मिनेसोटा, आयोवा अशा बर्फाळ राज्यांतून व कॅनडातून आलेले निवृत्त लोक महिन्याचे भाडे भरून येथे तीन-चार महिने मुक्काम ठोकतात आणि सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी पाहावयास निघतात. 'हिवाळी टेक्सन' हे त्यांचे तेथील नाव.

हा सारा सुखवस्तूंचा षोक आहे असे म्हणून मोकळे होण्याचा मोह समाजवादी कार्यकर्त्याला होईल. तो आवरलेला बरा. काही गाड्या आलिशान असतात हे खरे. परंतु १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मिळणारे निवृत्तिवेतन नसते, तर यांतील कित्येकांच्या म्हातारपणाच्या वाट्याला समुद्र आलाच नसता. (२००८ च्या मंदीनंतर घर गमावून अशाच गाडीत संसार करणारे आणि साठी उलटल्यावर हंगामी मजुरीसाठी गावोगाव फिरणारे वृद्धही त्याच देशात आहेत, हेही विसरता कामा नये.) किनाऱ्यावर त्यांना मुक्तपणे हिंडता येते तेही कायद्यामुळेच. खासगी मालमत्तेचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या टेक्सासने १९५९ मध्येच खुल्या समुद्राकडील पुळणीवर जनतेचा वहिवाटीचा हक्क कायद्याने मान्य केला आणि २००९ मध्ये तो राज्यघटनेत नोंदवला.

पाहुण्यांचे मुख्य आकर्षण म्हणजे व्हूपिंग क्रेन हा क्रौंचकुळातील शुभ्र पक्षी. उंची सुमारे दीड मीटर. उत्तर कॅनडातील दलदलीतून सुमारे चार हजार किलोमीटर उडत तो अरान्ससच्या खाडीत हिवाळा काढतो. १९४१ च्या हिवाळ्यात येथे येणाऱ्या थव्यात जेमतेम पंधरा-सोळा पक्षी उरले होते. आज ते पाचशेहून अधिक आहेत. १९३७ मध्ये रूझवेल्ट सरकारने येथील जमीन सार्वजनिक अभयारण्य म्हणून राखली नसती, तर बाजाराने या पक्ष्याला वाचवले असते असे कोणी म्हणू धजणार नाही.

पण जमीन राखली तरी पाणी राखले गेले नाही. क्रौंचाचे मुख्य अन्न म्हणजे निळे खेकडे. ते खाडीत वाढावेत म्हणून ग्वाडालूप नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळाले पाहिजे. टेक्सासच्या कायद्यानुसार नदीचे पाणी राज्याचे, म्हणजे जनतेचे. प्रत्यक्षात ते परवान्यांनी वाटले जाते आणि ज्याचा परवाना जुना त्याचा हक्क आधी. खाडीच्या नावे परवाना नाही. २००० साली नदीकाठच्या एका नागरिक संस्थेने विलक्षण अर्ज केला: पाणी उपसण्यासाठी नव्हे, तर ते नदीत तसेच वाहू देण्यासाठी परवाना द्या. २००३ मध्ये सरकारी यंत्रणेने तो फेटाळला. वापरणे म्हणजे उपसणे, एवढेच त्या हिशेबाला ठाऊक!

त्याचे फळ २००८-०९ च्या अवर्षणात दिसले. खाडी खारट झाली, खेकडे आटले, आणि २३ क्रौंच मेल्याचे अनुमान अभयारण्याच्या जीवशास्त्रज्ञाने काढले. वरच्या अंगाला पाणी अडले की खाली काय होते, हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने राज्याच्या जलपरवाना अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, परवाने आणि पक्ष्यांचे मरण यांमधील कार्यकारणाचा धागा फार लांबचा आहे असे सांगून तो निर्णय फिरवला. नदी उगमापासून मुखापर्यंत एकच असते. न्यायालयाला ती लांब वाटली.

२००७ च्या कायद्याने नद्या व खाड्यांसाठी पाण्याची किमान मानके ठरवण्याची सोय झाली आहे. मात्र ती केवळ नव्या परवान्यांना लागू आहे, आणि ग्वाडालूपचे बरेचसे पाणी जुन्या परवान्यांत आधीच वाटले गेले आहे. पक्षिप्रेमी पाहुण्यांच्या संघटनांनी दुर्बिणी थोड्या नदीच्या वरच्या अंगाला वळवून, अवर्षणाच्या वर्षी जुन्या परवान्यांतूनही खाडीचा वाटा आधी काढला जावा, अशी मागणी लावून धरली पाहिजे.