दोषांचे पान

आपल्या मालात कोणते दोष आहेत हे विक्रेत्याने स्वतःहून छापून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, अशी अपेक्षा आपल्याकडे कोणी करत नाही. लग्नाच्या परिचयपत्रापासून राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यापर्यंत सर्वत्र गुणांचीच यादी असते. म्हणूनच ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेली एक पुस्तिका मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेले हे 'युनिक्स'चे पहिले मॅन्युअल. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाच्या यंत्राकडून काम करवून घेणारा आतला कारभारी. या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद होती आणि नोंदीला ठरावीक मथळे होते : नाव, लिहिण्याची रीत, वर्णन वगैरे. पण त्यांतले दोन मथळे विलक्षण होते. एक 'बग्ज', म्हणजे या आज्ञेत आम्हाला ठाऊक असलेले दोष. दुसरा 'ओनर', म्हणजे हिची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचे नाव. काय बिघडू शकते आणि बिघडले तर कोणाला धरायचे, हे निर्मात्यांनी आपणहून लिहून ठेवले होते.

त्या काळी अशी पुस्तके ही चैन नव्हती, गरज होती. १९६०च्या दशकात आयबीएमने 'ओएस/३६०' ही प्रचंड प्रणाली उभारली. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, प्रकल्पाची कामकाजपोथी पाच फूट जाड झाली होती आणि तिच्यात रोज सुमारे दीडशे बदललेली पाने लावावी लागत. आमच्या पिढीच्या बँकवाल्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आले की दुरुस्तीची चिठ्ठी कापायची आणि नियमपुस्तकातल्या जुन्या परिच्छेदावर डिंकाने चिकटवायची, हे काम आम्ही वर्षानुवर्षे केले. काम कंटाळवाणे खरे; पण त्या फुगलेल्या पुस्तकात एक ताकद होती. कालच नोकरीला लागलेला कारकूनही ते उघडून व्यवस्थापकाला सांगू शकत असे, "साहेब, नियम असा आहे."

मग बँकांत संगणक आला. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. आधी खातेवह्यांच्या नोंदी करणारी यंत्रे आली आणि पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारे संगणक बसले. त्या वेळी वाद झाला तो नोकऱ्या जातील की राहतील याचा, आणि तो योग्यच होता. पण हे यंत्र वापरणाऱ्याला समजावून कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न माझ्या तरी कानावर कधी आला नाही.

मी तेव्हा वाशीच्या एका शाखेत होतो. यंत्राबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी मॅन्युअल्स व्यवस्थापकांच्या कपाटात कुलूपबंद असत. हरवली तर काय, ही भीती. शाखा चालत असे ती एका महिला सहकाऱ्याच्या दोनशे पानी वहीवर. तिच्यात मराठीत लिहिलेले असे : 'डे-एंडपूर्वी सर्वांना लॉगआऊट करायला सांगणे. एक जरी राहिला तरी अडकते.' 'व्याजाचा छापा मध्येच थांबल्यास पुन्हा आज्ञा देऊ नये, दोनदा छापले जाते.' आणि मागच्या पुठ्ठ्यावर दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरचा फोन नंबर. या बाईंनी बेल लॅबोरेटरीजचे नावही ऐकलेले नव्हते. पण दोष आणि जबाबदार माणूस, हे दोन्ही मथळे त्यांच्या वहीत होते. त्यांची बदली झाली तेव्हा शाखेने निरोपसमारंभाआधी त्या वहीची झेरॉक्स काढून घेतली. महाराष्ट्रातल्या शेकडो शाखांत अशा वह्या असणार. मराठीतली खरी संगणक मॅन्युअल्स तीच. ती कोणत्याही ग्रंथालयात नाहीत.

मराठी माणसाने संगणकावर लिहिले नाही असे नव्हे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तके देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचली. सोलापूरच्या अच्युत गोडबोल्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सवर पाठ्यपुस्तक लिहिले. मात्र ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि त्यांच्या वाचकवर्गाचा विचार करता ते साहजिकही होते. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्रज्ञानातून पडद्यावर देवनागरी आणली. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत मराठीतून संगणक शिकवला. हे ऋण मोठे आहे. पण शिकवले गेले ते यंत्र कसे चालवायचे एवढेच. ते कुठे चुकते, हे सांगणारे पान मराठीत छापले गेलेच नाही.

दरम्यान कोअर बँकिंग आले आणि शाखेतला संगणक शाखेतून उठला. आज ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या भल्याथोरल्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या काऊंटरवर एखादा पेन्शनर उभा असतो आणि त्याला उत्तर मिळते, "सिस्टिम घेत नाही." हे उत्तर देणारी मुलगी उद्धट नसते. तिच्याकडे उघडायला पुस्तकच नसते. वही लिहावी, तर दर महिन्याला पडदा बदलतो. नियमपुस्तक दाखवून साहेबाला अडवणारा कारकून आणि त्या मुलीसमोर हतबल झालेला म्हातारा, दोघांचाही अधिकार एकाच वेळी गेला.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, हे ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या टपाल खात्याने १९९९पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली लावली. तिच्यातल्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसू लागली आणि नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांवर चोरी-अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीकडे ज्ञात दोषांची यादी होती. आरोपींना मात्र ती दिली गेली नाही. २०१९ साली न्यायालयाने दोष होते असा निर्वाळा दिला आणि २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. दोषांचे पान होते. ते फक्त कपाटात होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, दोष छापले तर चोरांचे फावेल. कुलूप कसे फोडावे हे कोणीच छापायला सांगत नाही. पण आधारवर 'दत्तात्रय' आणि पासबुकावर 'दत्तात्रेय' असल्यास हयातीचा दाखला अडकतो, हे छापल्याने कोणत्या चोराचे भले होणार? दुसरा आक्षेप, वाचतो कोण? भाडेकरार तरी भांडण होईपर्यंत कोण वाचतो? भांडणाच्या दिवशी तो हाताशी असावा, यासाठी तो असतो.

मागणी साधी आहे. जनतेवर जी जी संगणकप्रणाली सक्तीची केली जाते, मग ती बँकेची असो, महापालिकेची असो की रेशनची, तिचे मॅन्युअल मराठीत असावे, काऊंटरवर असावे आणि त्यात ठाऊक असलेल्या दोषांचे पान असावे. 'ओनर'ची सोय आपल्या कायद्याने निम्मी केलेलीच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये कोणती सेवा, किती दिवसांत आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लावावे लागते. त्याच फलकावर आणखी एक रकाना वाढवावा : 'ज्ञात दोष'. तो रिकामा ठेवण्याची मुभा कोणालाही नसावी. चोपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वी दोन तरुण तंत्रज्ञांना जे लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, ते लिहिताना आपल्या खात्यांनी आणि बँकांनी लाजण्याचे कारण नाही.