पाणी पाइप खातं!

दोस्तांनो, सकाळी नळ सोडला की कधी कधी आधी तांबूस पाणी येतं ना? तो गंज! पाणी आणि प्राणवायू मिळून लोखंडी पाइप आतून कुरतडत असतात.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट ऐका. पैसे वाचवायला तिथे एप्रिल २०१४ पासून फ्लिंट नदीचं पाणी देऊ लागले. त्यात क्लोराइड जास्त, म्हणून ते पाइप जास्त खाणारं. पाइपात आतून संरक्षक थर धरावा म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात. तेही घातलं नाही. झालं! बऱ्याच घरांचे जुने पाइप शिशाचे. ते शिसं पाण्यात उतरलं. शिसं म्हणजे मुलांच्या मेंदूचा शत्रू! ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी बंद केलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. माणसं मात्र आणखी वर्षभर तेच पीत राहिली. २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं दाखवून दिलं, तेव्हा कुठे पूर्वीचं पाणी परत आलं.

करून पाहा : दोन ग्लासांत एकेक लोखंडी खिळा अर्धा बुडवा. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. मिठातही क्लोराइड असतं बरं का! आठवडाभर रोज बघा, कोणता खिळा आधी गंजतो?